टायरमधली हवा : रस्त्याला वेगळी, खाचराला वेगळी



बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव असायची तेव्हा हवेचा प्रश्नच नव्हता. धाव झिजली की लोहाराकडे जायचे, संपले काम. आज आपल्या शहापूर-मुरबाड भागात भाताची पोती, भेंडीचे क्रेट, पेंढा, अगदी म्हशीसुद्धा रबरी चाकांवरून जातात. दारात मोटारसायकल, पाड्यात एखादा पॉवर टिलर, गावात दोन-चार ट्रॅक्टर आणि मालवाहतुकीला पिकअप. या सगळ्यांच्या डिझेल-पेट्रोलचा हिशोब आपण पैशापैशाने ठेवतो. ऑईल वेळेवर बदलतो. पण टायरमधली हवा? ती आपण लाथ मारून बघतो. ‘टण्ण’ वाजला की ठीक!

लाथेने हवा कळत नाही. ट्रॉलीचे टायर जाड थरांचे, म्हणजे आपण ज्याला दहा प्लाय, सोळा प्लाय म्हणतो तसले असते. त्यातली बरीच हवा गेली तरी ते नुसत्या बघण्याने बसलेले दिसत नाही आणि लाथ मारली तर तसेच टणक लागते. उलट रेडियल टायर हवा पुरेशी असतानाही खाली थोडे फुगलेले दिसते, म्हणून लोक त्यात विनाकारण जास्त हवा मारतात. डोळा आणि लाथ दोन्ही इथे फसवतात. हवा मोजावीच लागते.

माल पेलते ती हवा

पहिली गोष्ट समजून घ्या. गाडीचा भार रबर पेलत नाही, आतली हवा पेलते. रबराचे काम हवा कोंडून ठेवायचे. आपण ‘पस्तीस पौंड हवा’ म्हणतो त्याचा अर्थ असा की आतली हवा दर चौरस इंचावर पस्तीस पौंडांचा जोर लावते. आता ढोबळ हिशोब करू. एका पिकअपचे स्वतःचे वजन १७०० किलो धरा आणि वर १३०० किलो माल. एकूण झाले ३००० किलो. मालाचा भार मागे जास्त, म्हणून मागच्या दोन चाकांवर २००० आणि एका चाकावर १००० किलो, म्हणजेच २२०० पौंड. मागच्या टायरात ५५ पौंड हवा असेल तर हा भार पेलायला टायरची ४० चौरस इंच जागा रस्त्याला टेकावी लागेल. हवा ४० पौंडच असेल तर ५५ चौरस इंच टेकावी लागेल. टायरची रुंदी काही वाढत नाही. ती पाच इंच धरली तर पहिल्या वेळी टायर आठ इंच लांबीवर टेकेल आणि दुसऱ्या वेळी अकरा इंच लांबीवर. हे तीन इंच जादा चपटे होणे, हेच सगळ्या दुखण्याचे मूळ.

कारण चाक फिरते तसा टायरचा प्रत्येक भाग खाली आला की चपटा होतो आणि वर गेला की सरळ होतो. पिकअपचे चाक एका किलोमीटरला साधारण साडेचारशे फेरे घेते. मुरबाडहून कल्याण तीसेक किलोमीटर. म्हणजे बाजारात पोचेपर्यंत टायरची प्रत्येक बाजू साडेतेरा हजार वेळा दुमडते. कुंपणाची तार तोडायला पक्कड नसली की आपण ती इकडून तिकडे वाकवतो. तुटायच्या आधी ती वाकल्या जागी चांगली गरम होते, हे हाताला लागलेले सगळ्यांना ठाऊक आहे. टायरचेही तेच. हवा कमी तेवढी दुमड जास्त, दुमड जास्त तेवढी उष्णता जास्त. आतले धागे आणि रबर सुटे व्हायला लागतात. बाहेरून काही दिसत नाही. मग एक दिवस भर उन्हात, भरल्या गाडीनिशी टायर फुटते आणि आपण म्हणतो, ‘उन्हाने हवा वाढली म्हणून फुटलं.’

हवा उन्हाने वाढते हे खरे आहे, पण किती? तीस पौंडांच्या टायरमध्ये तापमान दहा अंश वाढले तर साधारण दीड पौंड. पौषातल्या पहाटेच्या पंधरा अंशांवरून वैशाखातल्या चाळीस अंशांपर्यंत धरले तरी चार पौंडांच्या आतबाहेर. एवढी वाढ टायर बनवणाऱ्याने गृहीतच धरलेली असते. म्हणून ‘उन्हाळा आहे, दोन-पाच पौंड कमीच ठेव’ असे पंक्चरवाल्याला सांगू नका. कमी हवेचे टायर जास्त दुमडते आणि जास्तच तापते. आपण आग विझवायला जातो आणि वर पेंढा टाकतो.

रस्त्यात चहाला थांबल्यावर टायरला हात लावून, गरम लागले म्हणून हवा सोडणारेही पुष्कळ आहेत. हे तर मुळीच करू नये. चाललेल्या गाडीत वाढलेला दाब गाडी थंड झाली की आपोआप उतरतो. गरम असताना सोडली तर सकाळी तीच गाडी कमी हवेवर उभी असते. मात्र गरम टायरचे माप ठरलेल्या आकड्यापेक्षाही खाली दिसले, किंवा एका चाकाचे जोडीच्या चाकापेक्षा बरेच कमी दिसले, तर तिथे गळती आहे. तसेच पुढे जाऊ नये.

आकडा कुठला धरायचा?

इथे बहुतेकांची गल्लत होते. टायरच्या बाजूवर जो दाबाचा आकडा छापलेला असतो तो त्या टायरला जास्तीत जास्त किती हवा चालेल याचा असतो. आपल्या गाडीला किती हवी याचा नव्हे. गाडीचा आकडा पुस्तिकेत असतो, आणि पिकअप किंवा जीप असेल तर बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. तिथे पुढच्या चाकांचा वेगळा, मागच्यांचा वेगळा, रिकाम्या गाडीचा आणि भरलेल्या गाडीचा वेगळा असे दिलेले असते. तो आकडा वहीत लिहून ठेवा, नाहीतर गाडीच्या आतल्या बाजूला रंगाने लिहा. मोटारसायकलवर एकट्याने जायचे तर मागच्या चाकाला एक आकडा आणि मागे माणूस किंवा खताची गोणी असेल तर त्याहून बराच मोठा आकडा, हेही पुस्तिकेतच आहे. पण किती जण बघतात?

ट्रॉली गावातल्या वर्कशॉपमध्ये बनवलेली असेल तर तिला पुस्तिका कुठून येणार? तिथे टायर विक्रेत्याकडून त्या मापाच्या व तेवढ्या प्लायच्या टायरचा भार आणि दाबाचा तक्ता मागून घ्यावा. ट्रॉलीला जुने, रिमोल्ड केलेले, एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरेच अशी टायरे लावायची आपल्याकडे चालच पडली आहे. काटकसर समजते. पण एका आसावरची दोन टायरे तरी एकाच मापाची आणि सारख्या हवेची असू द्या. नाहीतर एक चाक दोघांचे ओझे वाहते.

आणखी एक समज काढून टाका. जास्त हवा मारली म्हणजे गाडी जास्त माल नेईल, असे नाही. आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर भात घालायचे असते तेव्हा चाळीस किलोची पोती रचतो. तेराशे किलोला ती ३२ होतात. आपण ५० चढवली तर झाले २००० किलो. हे जादा सातशे किलो जवळजवळ सगळे मागच्या दोन चाकांवर येतात. त्यासाठी टायरच्या कमाल आकड्यावर हवा मारणे म्हणजे फुगलेल्या फुग्यावर बसण्यासारखे आहे. टायर मधोमध झिजते, खड्ड्याच्या कडेवर आपटले की आतले धागे तुटतात, आणि ब्रेक लावल्यावर रस्ता धरायला जागाच थोडी उरते. यावर इलाज हवेत नाही, दोन खेपा करण्यात आहे.

म्हसा यात्रेला बैल गाडीत घालून नेताना-आणताना तर हवा अगदी नीट हवी. पोते जागेवर राहते, बैल राहत नाही. वळणावर तीन-चारशे किलोचे जनावर एका बाजूला झुकले की त्या बाजूच्या टायरवर एकदम भार येतो.

घाटात आणि समृद्धीवर

माळशेज आपल्या मुरबाड तालुक्यात, कसारा आपल्या शहापूर तालुक्यात. दोन्ही घाटांतून भरली गाडी उतरताना टायरला दुहेरी ताप असतो. दुमडण्याची उष्णता असतेच, त्यात सतत दाबलेल्या ब्रेकची उष्णता रिमवाटे टायरपर्यंत येते. घाट चढताना ज्या गिअरवर चढलो त्याच गिअरवर उतरावे हा जुना नियम टायरच्याही फायद्याचा आहे. पावसाळ्यात माळशेजच्या रस्त्यावर पाणी वाहत असते. तेव्हा कमी हवेचे किंवा गुळगुळीत टायर पाणी कापत नाही, पाण्यावर तरंगते. तरंगणाऱ्या चाकाला ना ब्रेक लागतो ना स्टिअरिंग. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत आली की टायर बदलायचे. नक्षीच्या खाचेत आडवे छोटे उंचवटे दिलेले असतात. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायरची मुदत संपली असे समजा.

आता त्यात समृद्धी महामार्गाची भर पडली आहे. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि तो आपल्या शहापूर तालुक्यातूनच जातो. ट्रॅक्टरला आणि मोटारसायकलला तिथे मज्जाव आहे, पण भाजीची पिकअप जाते. गावच्या रस्त्यावर खड्डे, वळणे, गुरे यांमुळे वेग आपोआप बेताचा राहतो आणि टायरला उसंत मिळते. समृद्धीवर ती उसंत नाही. तासन्‌तास एकाच वेगाने, तापलेल्या काँक्रीटवरून. डोळखांबच्या रस्त्यावर महिनोन्‌महिने चाललेले कमी हवेचे टायर तिथे पहिल्या तासात उत्तर देते. २०२३ साली या मार्गावरचे अपघात वाढले तेव्हा परिवहन विभागाने गुळगुळीत टायरच्या गाड्या प्रवेशाच्या ठिकाणीच अडवायला सुरुवात केली होती. ते आपल्या जिवासाठीच होते. समृद्धीवर जायचे असेल तर त्या दिवशी सकाळी घरीच हवा मोजा. स्टेपनीचीही मोजा. महिनोन्‌महिने न बघितलेली स्टेपनी ऐनवेळी काढावी तर तीच बसलेली, ही गोष्ट इतकी नेहमीची आहे की त्यावर आता कोणी हसतसुद्धा नाही.

खाचरात उलटा हिशोब

इथवर सांगितले ते सगळे ‘हवा कमी नको’ असे होते. ट्रॅक्टर शेतात उतरला की गणित पालटते. रस्त्यावर टायरने कमी दुमडावे असे आपल्याला वाटते. शेतात मात्र त्याने थोडे पसरावे, जास्त जमीन धरावी आणि माती कमी दाबावी.

मध्यम ताकदीच्या, मागची दोनच चाके ओढणाऱ्या ट्रॅक्टरला नांगरटीच्या वेळी मागच्या टायरात १२ पौंडांच्या आसपास आणि रस्त्यावर ट्रॉली ओढताना १६ ते १८ पौंड हवा सांगितलेली असते. पुढच्या लहान टायरांना २४ ते ३० पौंड. हे अंदाजाचे आकडे आहेत. तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असेल तोच खरा. चारही चाके ओढणारा ट्रॅक्टर असेल तर पुढच्या टायराचा आकडा वेगळा असतो आणि तो पाळणे जास्तच गरजेचे असते, कारण पुढची आणि मागची चाके गिअरने एकमेकांना बांधलेली असतात. हवेत फरक पडला की ती एकमेकांना ओढत राहतात आणि त्याचा मार गिअरबॉक्सवर बसतो.

शेतात जास्त हवा ठेवली तर चाक जागच्या जागी फिरते, डिझेल जळते आणि नांगर पुढे सरकत नाही. फारच कमी ठेवली तर दुसरेच संकट. जोर लागला की रिम फिरते पण टायर मागे राहते, आणि आतल्या ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटून निघतो. म्हणून पुस्तिकेतल्या सर्वांत कमी आकड्याच्या खाली जाऊ नका. मागच्या दोन्ही टायरांत हवा सारखी ठेवा, नाहीतर ट्रॅक्टर एका अंगाला कलतो आणि तास एकीकडे खोल, दुसरीकडे उथळ पडते.

मातीचा मुद्दा जरा सविस्तर सांगतो, कारण त्याकडे फार कोणी बघत नाही. टायरात जेवढा दाब, साधारण तेवढाच दाब ते मातीच्या वरच्या थरावर टाकते. भाताच्या खाचरात खालचा तळ घट्ट असलेला चांगला, पाणी मुरून जात नाही. चिखळणीने आपण तो मुद्दामच घट्ट करतो. पण भात कापल्यावर त्याच खाचरात वाल, हरभरा किंवा भेंडी घ्यायची तर मुळांना खाली जायला वाट हवी. कापणीच्या वेळी खाचर अजून ओलसर असते. अशा वेळी पोत्यांनी भरलेली ट्रॉली बांध फोडून आत नेली, तर तिच्या टायरातला दाब ट्रॅक्टरच्या मागच्या टायराच्या तीन-चार पट असतो. तेवढाच मार त्या ओल्या मातीला बसतो. चाकोऱ्या पडतात त्या नांगराने मोडता येतात, पण जड वजनाने खोलवर आवळलेली माती नांगराच्या पोचण्यापलीकडे राहते. पुढे भेंडीच्या ओळी ट्रॉली गेली त्या पट्ट्यात खुरटतात आणि आपण खताला नाहीतर बियाण्याला दोष देतो. तेव्हा ट्रॉली रस्त्याच्या कडेलाच उभी करा. भारे आणि पोती डोक्यावरून तिथपर्यंत आणा, नाहीतर एकच वाट ठरवून तिच्यावरूनच ट्रॉली ने-आण करा. मजुरी थोडी वाढेल. ती वालाच्या पिकात वसूल होते असे माझे मत आहे.

‘सकाळी नांगरट आणि दुपारी ट्रॉली, तर दिवसातून दोनदा हवा कुठे भरत बसू?’ असे ट्रॅक्टरमालक विचारतात. रास्त आहे. मागचे टायर एवढे मोठे की पायपंपाने पाच पौंड चढवायला घामाच्या धारा लागतात. त्यावर चालण्याजोगा तोडगा असा. नांगरट, चिखळणीच्या हंगामात शेतीचा आकडा ठेवा आणि त्या दिवसांत ट्रॉली नेलीच तर हलकी आणि हळू न्या. दसऱ्यापासून वाहतूक सुरू झाली की रस्त्याचा आकडा भरून घ्या. चिखळणीला लोखंडी केजव्हील लावली असतील तर ती काढून रबरी चाके पुन्हा चढवताना आधी हवा मोजा. केजव्हील लावून डांबरी रस्त्यावरून मात्र जाऊ नका. रस्ता आपलाच आहे.

वजन वाढवायला मागच्या टायरात पाणी भरले असेल तर हवा मोजताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणा, नाहीतर मापात पाण्याचाही दाब धरला जातो आणि गेजमध्ये पाणी जाते.

मोजायचे कसे

स्वतःचा गेज घ्या. शे-पाचशे रुपयांत मिळतो आणि एका वाचलेल्या टायरात अनेक वेळा फिटतो. हवा भरण्याच्या दुकानातला गेज दिवसभर आपटलेला असतो, त्याचा भरवसा धरू नये. गेजवर पौंड आणि किलो अशी दोन मापे असतात. एक किलो म्हणजे १४.२ पौंड. पुस्तिकेत किलो दिले असेल आणि तुम्ही पौंड वाचलात तर घोटाळा होईल, तेवढे बघा.

मोजायची वेळ सकाळची, गाडी चालू करायच्या आधी. दुकानापर्यंत दोन-तीन किलोमीटर गेलात तर चालेल. किन्हवलीहून सरळगाव गाठून मग मोजाल तर आकडा खोटा येईल. व्हॉल्व्हची टोपी काढा, गेज सरळ दाबा. फुस्स आवाज येत राहिला तर तिरका बसला आहे, पुन्हा दाबा. दोनदा मोजून आकडा सारखा आला की तो खरा. मग व्हॉल्व्हवर साबणाचे पाणी लावा, बुडबुडे आले तर आतली पिन बदला. टोपी परत लावायला विसरू नका. आपल्या लाल चिखलात टोपीशिवायचा व्हॉल्व्ह म्हणजे गळतीला आमंत्रण, चिखलाचा कण आत अडकला की हवा महिनाभर हळूहळू जात राहते. तशीही चांगल्या टायरातून महिन्याला एक-दोन पौंड हवा रबरातूनच झिरपते. म्हणून पिकअप आणि मोटारसायकलची हवा पंधरा दिवसांनी बघा, ट्रॅक्टर-ट्रॉलीची महिन्याने आणि प्रत्येक हंगामाच्या तोंडाशी. पॉवर टिलरची टायरे छोटी, त्यांच्याकडे तर कोणाचे लक्षच नसते. पण एका चाकात हवा कमी असली की तो हात ओढतो आणि संध्याकाळी खांदा दुखतो.

नायट्रोजन भरावा का असेही विचारतात. फुकट मिळाला तर भरा. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. त्यासाठी पैसे घालवण्यापेक्षा गेज घ्या.

ट्रॅक्टरचे टायर रिमवर नव्याने बसवताना ते ३५ पौंडांच्या वर कधीही फुगवू नये. नीट बसत नसेल तर हवा सोडून, कडेला साबणपाणी लावून पुन्हा प्रयत्न करावा. रिमची कडी सुटली तर माणूस जागीच जातो. हवा भरताना टायरासमोर उभे राहायचे नाही, लांब नळी लावून बाजूला उभे राहायचे आणि पोरांना तिथून हटवायचे. बसलेल्या टायरावर गाडी काही अंतर चालवली असेल तर नुसती हवा भरून निघू नका. टायर उतरवून आतून बघून घ्या.

झीजही बोलते. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत, तर हवा कमी राहिली. मध्य झिजला तर जास्त राहिली. एकच कड झिजली तर हवेचा दोष नाही, चाकांची रेषा चुकली आहे, मेकॅनिककडे जा.

भातलावणी आटोपल्यावर ट्रॅक्टर महिना-दोन महिने उभाच राहणार असेल तर आसाखाली लाकडी ठोकळे देऊन चाकांवरचा भार काढा, टायरावर ऊन येणार नाही असे आडोशाला ठेवा आणि खाली डिझेल-ऑईल सांडलेले असेल तर पुसून घ्या, त्याने रबर सडते. दसऱ्याला पूजेसाठी बाहेर काढाल तेव्हा हार घालायच्या आधी गेज लावा.